आडकाठी

२०२०च्या एप्रिलमध्ये आमच्या गावच्या तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, आडवी काठी कुणी बांधली, याची नोंद कुठल्याच कागदावर नाही. डांबराची दोन रिकामी पिंपं, त्यांत चिरे, वर सुतळीने आवळलेला चिव्याचा लांब बांबू आणि त्याला लटकवलेल्या पुठ्ठ्यावर 'बाहेरील व्यक्तींस प्रवेश बंद'. त्या वर्षी जिल्हाधिकाऱ्यांनी काढलेला कुठलाही आदेश शोधायला गेलात तर क्रमांक, दिनांक, कलम, सही सगळ्यासकट मिळेल. काठीला क्रमांक नव्हता. सरपंचांना विचारलं, तर पोरांनी बांधली. पोरांना विचारलं, तर वाडीने ठरवलं. वाडीत विचारलं, तर एकच उत्तर, "गावान ठरयलाहा." आणि गाव म्हणजे नेमकं कोण, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

मी डोंबिवलीत राहतो. गाव सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यात. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, घरपट्टीच्या पावतीवर आहे, देवळाच्या वर्गणीच्या वहीतही आहे. पुठ्ठ्याच्या हिशेबाने मात्र मी बाहेरील व्यक्ती.

कोरोनातल्या निर्बंधांचा विषय निघाला की आजही बोलणं थेट सरकारवर जातं. थाळ्या, एकवीस दिवस, ई-पास, चार वाजता खाली येणारी शटरं. कुणाचा राग दिल्लीवर, कुणाचा मुंबईवर, ज्याच्या त्याच्या पक्षाप्रमाणे. तो राग खोटा नाही. पण त्या दोन वर्षांत मला जे नियम खरोखर अंगाला लागले, त्यातले बरेचसे सरकारने केलेलेच नव्हते. ते आम्ही केले होते. गावाने, वाडीने, सोसायटीने, जिन्यावरच्या चार घरांनी मिळून. त्यांच्याबद्दल मात्र सगळे चिडीचूप.

सरकारी नियमांची एक सोय होती, त्यांना हसता यायचं. २८ जून २०२०ला सलून उघडली तेव्हा केस कापायला परवानगी होती, दाढी करायला नव्हती. आमचा न्हावी कात्री चालवता चालवता म्हणाला, "साहेब, सरकारने मानेपर्यंतच उघडलंय." त्याच सुमारास मुंबई पोलिसांनी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जाऊ नका असं सांगितलं, आणि लोकांनी नकाशे उघडून आपापली वर्तुळं काढली. कुणाची भाजी वर्तुळाबाहेर, कुणाची आई. इतकी टिंगल आणि इतका आरडाओरडा झाला, की थोड्याच दिवसांत तो नियम मवाळ झाला. सम-विषम तारखेला रस्त्याची एक बाजू उघडी आणि एक बंद, हा प्रकारही असाच. समोरासमोरचे दोन किराणावाले आळीपाळीने आपापल्या पायरीवर बसून दुसऱ्याचं गिऱ्हाईक मोजायचे.

लोकलचं दुखणं मोठं होतं. डोंबिवलीच्या माणसाला लोकल बंद म्हणजे काय, हे पुणेकराला समजावून सांगता येणार नाही. १५ जून २०२०पासून अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी गाड्या सुरू झाल्या. बाकीच्यांनी शीळफाट्याच्या कोंडीत बसून बसने ऑफिस गाठलं, नोकऱ्या सोडल्या, नाहीतर कुणाच्या तरी ओळखीने रुग्णालयाचं ओळखपत्र 'बनवून' घेतलं. बनावट ओळखपत्रं विकणारे पकडले गेल्याच्या बातम्या यायच्या तेव्हा डब्यात मूक सहानुभूती असायची, हे मी त्या डब्यातून जाणाऱ्यांकडूनच ऐकलेलं आहे. दोन डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली ती १५ ऑगस्ट २०२१ला.

पण झाली. मुद्दा तोच आहे. ओरडलं की सरकारी नियम हलत होते. २०२१च्या ऑगस्टमध्ये राज्याने बावीस जिल्ह्यांत दुकानं रात्री आठपर्यंत उघडी ठेवू दिली आणि पुण्यासह अकरा जिल्ह्यांना चारच्याच वेळेत ठेवलं, तेव्हा पुण्याच्या व्यापाऱ्यांनी दोनच दिवसांत ठरवून संध्याकाळीही दुकानं उघडी ठेवली. आठवडाभरात पुण्यालाही आठची वेळ मिळाली. देवळांसाठी राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, मुख्यमंत्र्यांनी उलट पत्र लिहिलं, अख्ख्या महाराष्ट्राने दोन्ही पत्रं चवीने वाचली, आणि २०२०च्या दिवाळी पाडव्याला देवळं उघडली. मोर्चा, निवेदन, कोर्ट, निदान टीव्हीवरची खडाजंगी, काहीतरी करता येत होतं. आमच्या तिठ्यावरच्या काठीविरुद्ध मी निवेदन कुणाला देणार? तिच्यामागे माझा चुलतभाऊच उभा होता.

आता गावाची बाजू. ती मला मुंबईकरांपेक्षा जास्त पटते, हे आधीच सांगून टाकतो.

गावाला भ्यायचं कारण होतं. प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तिथे ताप आणि विंचवाचा दंश यांवर इलाज होतो. त्यापुढे कणकवली, मग ओरोसचं जिल्हा रुग्णालय, आणि तिथेही हात टेकले की लोक पेशंटला गाडीत घालून गोव्याला बांबोळीला नेतात. पिढ्यानपिढ्या हाच रस्ता. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा जिल्ह्यात नव्हतं. गावात राहिलेली माणसं निम्मीअधिक साठीच्या पुढची, कारण बाकीचे आम्ही इकडे. मे महिन्यात मुंबईचे आकडे रोज टीव्हीवर चढत होते आणि त्याच मुंबईहून गाड्या जिल्ह्याच्या मुंबईकडच्या सीमेवर, खारेपाटणच्या नाक्यावर येऊन थांबत होत्या. आलेल्यांच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईसारखा शिक्का, आणि चौदा दिवस मराठी शाळेत मुक्काम. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, आशाताई, अंगणवाडीच्या बाई यांचं ग्राम कृती दल. या लोकांनी, त्यातही आशाताईंनी, जे काम केलं त्याला तोड नाही. शाळेतल्या माणसांना ताप आहे का हे बघायला घरची पोरं सोडून रोज दोनदा जाणं, तेही तुटपुंज्या मानधनावर, हे मुंबईत बसून फेसबुकवर 'माणुसकी मेली' असं लिहिण्याइतकं सोपं नव्हतं.

त्याच दिवसांत आंबा मात्र मुंबईला जात होता. वाशीचा बाजार मे महिन्यात आठवडाभर बंद राहिला, बागायतदारांनी सरळ सोसायट्यांच्या दारात पेट्या पोचवायला सुरुवात केली. आमच्या सोसायटीतही आमच्याच गावचा टेम्पो आला. मी मास्क लावून खाली गेलो. वॉचमनने आधी पेट्यांवर फवारा मारला, मग टेम्पोच्या टायरांवर, मग जरा विचार करून ड्रायव्हरच्या चपलांवर. त्याला आत यायची परवानगी नव्हती, म्हणून पाण्याची बाटली मी गेटच्या गजांतून दिली. रात्रभर गाडी हाणून आलेला माणूस. केबिनमध्ये बसून त्याने भाकरी खाल्ली, गेटबाहेरच्या झाडाखाली चूळ भरली, आणि परत निघाला.

गावात पोचला की तो घरी जात नसे. तिठ्यावरून टेम्पो सरळ वरच्या काजूच्या भरडावर. तिथे मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात झोपायचं, सकाळी पेट्या भरून पुन्हा निघायचं. आंब्याचा हंगाम संपेपर्यंत हेच. बायको संध्याकाळी गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, जेवणाचा डबा ठेवून मागे सरायची, तो पुढे येऊन उचलायचा. गावाचा वर्षाचा पैसा त्याच्या टेम्पोतून येत होता आणि गाव त्याला उंबऱ्याच्या आत घेत नव्हतं. मला हे फार अन्यायाचं वाटलं. मी फोन करून तावातावाने तसं म्हणालोही. तो शांतपणे म्हणाला, "घराकडे म्हातारी आसा माझी. गावान कित्याक अडवूक होया? मीच जावक नाय."

त्याच्या या उत्तरामुळे माझी अडचण होते. काठी वाईट, असं म्हणून मोकळं होता येत नाही.

दुसरी गंमत आमच्या जिल्ह्याच्या खालच्या टोकाला. सावंतवाडी, दोडामार्गकडची पोरं रोज मोटारसायकलने गोव्यात कामाला जातात. औषधांच्या कंपन्या, हॉटेलं, दुकानं. गोव्याने सीमा बंद केल्या आणि पत्रादेवीला ही पोरं अडकली. ओळखपत्र दाखवा, दाखला आणा, चाचणीचा कागद आणा, आणि तो कागद घेऊन रोज येणं-जाणं करायचं म्हटलं तर पगार तिथेच संपतो. जिल्ह्यात संतापाची लाट. गोव्याला भाजी आमची चालते, दूध चालतं, माणूस चालत नाही का? अगदी बरोबर. फक्त हेच वाक्य भाजीच्या जागी आंबा घालून आम्ही मुंबईकर आमच्या गावाला ऐकवत होतो, आणि गाव ते ऐकून घेत नव्हतं. खारेपाटणच्या नाक्यावर जो जिल्हा आतला होता तो पत्रादेवीला बाहेरचा झाला, आणि एकाच घरातला एक भाऊ वरच्या नाक्याचं समर्थन करत होता तर दुसरा खालच्या नाक्याविरुद्ध निवेदनावर सही करत होता. लोकमत लोकमत म्हणतात ते त्या वर्षी कुठल्या नाक्याच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर ठरत होतं.

मग आला गणपती.

आमच्या घरचा गणपती चार वाट्यांचा. दरवर्षी एकाची पाळी. मूर्ती, माटवी, जेवणावळ, भजनाच्या मंडळींचा चहा-उसळ, सगळा खर्च त्याचा आणि पूजेला बसायचा मानही त्याचा. २०२०ची पाळी माझी होती. चाकरमान्यांनी यायचं की नाही यावर जुलैभर रणकंदन चाललं. चौदा दिवस विलगीकरण म्हणजे सुट्टी किती घ्यायची? सरकारने ऑगस्टच्या सुरुवातीला ठरवलं: दहा दिवस, आणि १२ ऑगस्टपर्यंत गावी पोचायचं, त्यानंतर येणाऱ्याला चाचणी बंधनकारक. एसटीने गेलात तर ई-पास नको, खासगी गाडीला हवा. चतुर्थी २२ तारखेची. गणपतीसाठीच्या विशेष रेल्वेगाड्या सुटायला लागल्या तोवर १२ तारीख उलटून गेली होती, हे आपलं जाता जाता.

मी दादाला फोन केला. दादा म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा, गावीच असतो, ग्राम कृती दलातही होता.

"येव नको असा मी म्हणूक नाय," दादा म्हणाला. "पण इलंस तर धा दिवस मांगरात रवाचा लागतला. गावान ठरयलाहा. मी एकटो काय करतलय?"

"सरकारने घरी विलगीकरण चालेल म्हटलंय ना?"

"सरकार म्हंमयत आसा."

यावर काय बोलणार?

आम्ही १२ तारखेलाच निघालो. कशेडीच्या घाटात गाड्यांची रांग इतकी, की पुढच्या गाडीतल्या कुटुंबाशी आमची ओळख होऊन, राजापूरचे निघून, त्यांच्या आत्याचं सासर आमच्या शेजारच्या गावातलं निघेपर्यंत रांग पुढे सरकली नव्हती. खारेपाटणला पोचलो तेव्हा रात्र झालेली. कपाळाला थर्मामीटरची बंदूक, फॉर्म, आणि फॉर्मवर तारीख: १२ ऑगस्ट. गावच्या तिठ्यावर दोन पोरं टॉर्च घेऊन उभी. ओळखीची, एकाला मी लहानपणी सायकल दिलेली. त्याने काठी वर केली, गाडी जाऊ दिली, आणि मग खाली करून पिंपावर टेकवताना म्हणाला, "काका, सरळ मांगर हां."

मांगर तसा बरा होता. दादाने झाडून, सारवून, बल्ब लावून ठेवला होता, तांदूळ, कांदे, गॅसची शेगडीसुद्धा. पावसाळ्यात काजूच्या बागेतला मुक्काम, पैसे देऊन लोक येतात अशा ठिकाणी. वयनी दुपारी डबा गडग्यावर ठेवायची आणि वीस पावलांवर उभी राहून अख्ख्या वाडीची खबर सांगायची, घरात बसून कधी सांगितली नसती इतकी. मी तक्रार करत नव्हतो. तक्रार सुरू झाली ती दिवस मोजण्यावरून.

माझ्या हिशेबाने १२ तारीख धरून दहा दिवस २१ला संपत होते. म्हणजे २२ला सकाळी आंघोळ करून मी पूजेला. ग्राम कृती दलाच्या हिशेबाने मोजणी १३ तारखेपासून, म्हणजे २२चा दिवस मांगरात. मी नाक्यावरचा फॉर्म दाखवला. दलातल्या एका बुजुर्गांनी तो गडग्यापलीकडून, हातात न घेता, वाचला.

"इलंस कधी?"

"बाराला."

"किती वाजता?"

"रात्री दहा-सव्वादहा."

"मग रातीचो दिवस कसो धरतलंस?"

सरकारच्या आदेशात याला उत्तर नव्हतं. असतं तरी चाललं नसतं. मी दादाकडे पाहिलं. दादा फणसाच्या झाडाकडे पाहत होता. त्याची अवस्था मला आज जास्त कळते. भावाला एक दिवस सोडला तर उद्या बाकीच्या मांगरांतले, शाळेतले, सगळेच एकेक दिवस मागणार, आणि गाव म्हणणार, स्वतःच्या माणसाला सोडल्यान. कडक नियम करणाऱ्यांना तो सगळ्यांत जास्त आपल्या घरच्यांवर चालवून दाखवावा लागतो, नाहीतर तो टिकत नाही. तहसीलदाराला हे ओझं नसतं.

तर चतुर्थीला पूजेला दादा बसला. भटजींनी पूजा फोनवरून सांगितली. त्या वर्षी ती घरोघर तशीच झाली. मूर्ती दोन फुटांच्या आतली, तसा नियमच होता, पण गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, आमची मूर्ती वर्षानुवर्षं तेवढीच बनते, त्यामुळे नियम पाळल्याचं पुण्य फुकटात पदरी पडलं. मी मांगराच्या मागच्या फणसाखाली, कारण रेंज तिथेच, मोबाईलवर आमच्याच घरातली प्राणप्रतिष्ठा बघत होतो. घर तिथून हाकेच्या अंतरावर. टाळांचा आवाज आधी हवेतून यायचा आणि मग दोन सेकंदांनी फोनमधून. मोदक दुपारी गडग्यावर आले. खर्च सगळा मीच दिला होता.

२३ला सुटका झाली. घरात ऋषीची भाजी शिजत होती. काकी म्हणाली, "बरो इलंस," आणि आरतीला मात्र सगळ्यांनी मला खळ्यात, म्हणजे अंगणात, उभं केलं, आत काका आहेत म्हणून. भजनाची मंडळं त्या वर्षी घरोघर फिरली नाहीत. फुगड्या नाहीत. पाचव्या दिवशी विसर्जन करून आम्ही परत निघालो तेव्हा काठी वरच केलेली होती. जाणाऱ्याला कुणी अडवत नव्हतं.

इकडे डोंबिवलीत काठीऐवजी रजिस्टर होतं. सरकारने घरकामाला येणाऱ्या बायकांना परवानगी दिली त्याला बरेच दिवस होऊन गेले होते, तरी सोसायटीने झूमवर सभा घेऊन बहुमताने ठरवलं, की इतक्यात नको. कुणी ठरवलं? कमिटीने. कमिटीतल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं तर प्रत्येक जण म्हणायचा, माझी काही हरकत नव्हती, लोकांचं मत तसं पडलं. आमच्याकडे येणाऱ्या मावशी महिन्याच्या सुरुवातीला गेटपाशी येऊन उभ्या राहायच्या. कुरिअरसाठी ठेवलेल्या टेबलावर काही घरांची पाकिटं असायची, काहींची नसायची. दोन महिन्यांनंतर बऱ्याच घरांची नसायची. मावशींनी कुणालाही हिशेब विचारला नाही. पुन्हा आत घेतलं तेव्हाही त्यांच्यासाठी लिफ्ट बंद, चार मजले जिना. विषाणूला लिफ्टमध्ये फक्त मावशी सापडायच्या, आम्ही नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक नर्स भाड्याने राहत होती. पाच एप्रिलला रात्री नऊ वाजता गॅलरीत दिवे लावून आम्ही सगळ्यांनी एका सुरात देशाबद्दल फार छान वाटून घेतलं होतं. नंतर तिला कुणी जा म्हटलं नाही, हेही खरं. दूधवाल्याला सांगण्यात आलं की त्यांची पिशवी खालीच ठेवत जा. जिन्यात ती दिसली की लोक परत वर जायचे. मालकाला दोन-तीन फोन गेले. महिन्याभरात ती रुग्णालयाजवळच्या वसतिगृहात राहायला गेली, आणि कमिटीच्या इतिवृत्तात याबद्दल एक ओळही नाही. काही झालंच नव्हतं तर लिहिणार काय?

लोक १८९७चं प्लेगातलं पुणं आठवतात. रँड, सोल्जर, घरात घुसून झडत्या, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चाफेकरांनी झाडलेली गोळी. २०२०च्या मार्चमध्ये राज्याने जो साथरोग कायदा लागू केला तो त्याच प्लेगासाठी १८९७मध्ये झालेला, म्हणून ही आठवण निघणं साहजिक होतं. टिळकांचा विरोध रोग्याला वेगळं ठेवण्याला नव्हता, ते ज्या पद्धतीने चाललं होतं त्याला होता. पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचं रुग्णालय काढण्यात त्यांचा पुढाकार होता. पण प्लेगाची दुसरी बाजू घराघरांतल्या म्हाताऱ्या सांगायच्या: उंदीर पडायला लागले की गावं माळावर, शेतात झोपड्या बांधून राहायला जायची, आणि शेजारच्या गावचा माणूस आला तर त्याला लांबूनच हाकलायची. त्या हाकलणाऱ्यांची नावं इतिहासात नाहीत. सोल्जरांची आहेत. रँडवर राग धरता येतो, आजोबांवर कसा धरणार?

२०२१मध्ये जे झालं त्याने तर मी चक्रावलो. दुसऱ्या लाटेत रोग खरोखरच गावात आला. आधीच्या वर्षी गावात एकही रुग्ण नसताना काठी होती; आता वाडीवाडीत ताप, ओरोसला खाटा मिळेनात, ओळखीची माणसं जाऊ लागली, आणि तिठ्यावर काही नाही. पिंपं तिथेच गवतात पडलेली. त्यात मे महिन्यात तौक्ते वादळाने छपरं उडवली, मग तर कोण कुणाच्या घरी जातंय याचा हिशेबच राहिला नाही. जूनमध्ये इतर जिल्हे उघडत असताना आमचा जिल्हा आकड्यांमुळे मागेच राहिला. ऑगस्टच्या त्या अकरा जिल्ह्यांच्या यादीतही सिंधुदुर्ग होता, आणि तेव्हा गावातले दुकानदार अगदी पुण्याच्या व्यापाऱ्यांच्या भाषेत बोलू लागले: चारनंतर कोरोना येतो काय?

काठी का नव्हती, याची कारणं मी बऱ्याच जणांना विचारली. कुणी म्हणालं, कंटाळलो. कुणी म्हणालं, लस आली. एकाने खरं उत्तर दिलं असं मला वाटतं. तो म्हणाला, "तेव्हा रोग मुंबैचो होतो. आता गावचोच झालो. कोणाक अडवतलंस?" बाहेरून कुणी आणणार म्हणून काठी होती. शेजाऱ्याच्या खळ्यातून येणाऱ्या रोगाला काठी कुठे बांधायची हे कुणाला ठाऊक नव्हतं. खरी गरज मात्र तेव्हाच होती. मास्क, गर्दी टाळणं, तापाचा माणूस वेगळा ठेवणं, हे सगळं शेजाऱ्याला तोंडावर सांगावं लागतं. ते सांगायला आमच्याकडे कुणी तयार नसतं. मुंबईकराला सांगायला तयार असतात, तो पाच दिवसांनी परत जातो.

त्याच मेमध्ये अठरा ते चव्वेचाळीसचं लसीकरण सुरू झालं आणि शहरातले लोक मोबाईलवर स्लॉट पकडून लांबलांबच्या गावांच्या केंद्रांवर गाड्या घेऊन जाऊ लागले. गावातल्या माणसाला स्वतःच्या केंद्रावर लस नाही, कारण त्याचं बोट तेवढं चपळ नाही. कितीतरी गावांत यावरून बाचाबाची झाली. यात मी पूर्णपणे गावांच्या बाजूने आहे. आमच्या सोसायटीतले दोघे-तिघे असेच कुठे कुठे जाऊन लस टोचून आले आणि त्यांनी ग्रुपवर फोटो टाकले. खाली अभिनंदनाचे अंगठे. वर्षभरापूर्वी याच ग्रुपवर 'गावाने आम्हाला परकं केलं' म्हणून लांबलचक मजकूर फिरत होता.

३१ मार्च २०२२ला सरकारने सगळे निर्बंध उठवल्याचं जाहीर केलं. मास्क ऐच्छिक. दोन दिवसांनी गुढीपाडवा होता, शोभायात्रा निघाल्या, डोंबिवलीत तर विचारूच नका, ती प्रथा मूळची आमचीच. सोसायटीचं रजिस्टर तोवर कधी बंद झालं ते कुणालाच सांगता आलं नाही. मावशी लिफ्टने कधीपासून येऊ लागल्या हेही नाही. असे नियम उठवायची सभा होत नाही.

आमच्या घरात मात्र एक प्रकरण अजून चालू आहे. २०२०ची पाळी नक्की कुणाची झाली? माझं म्हणणं, पूजेला मी बसलो नाही, तर पाळी झालीच नाही. पुढच्या वर्षी मला मिळायला हवी होती. दादाचं म्हणणं, खर्च तुझा, गावात तू हजर, पाळी तुझीच. मी नुसता तुझ्या जागी बसलो. धाकट्या काकांच्या मुलाचं म्हणणं, पाळी दादाची झाली, म्हणून दादाने आपली पुढची सोडावी. हा वाद आता जमिनीच्या वादाइतका गंभीरपणे चालतो, आणि दर चतुर्थीला जेवणं झाल्यावर निघतो. वयनीला एकदा विचारलं, तुझं काय मत? ती म्हणाली, "पाळी गावान खाल्ल्यान. तेच्याकडे मागा."

चार वाट्यांच्या वहीत २०२०च्या ओळीत दोन नावं आहेत. माझं दादाने लिहिलंय, दादाचं मी. यंदा कुणीतरी पेन्सिलीने तिसरंही घातलंय, आणि अक्षर धाकट्या काकांच्या मुलाचं वाटतं, पण तो कबूल करत नाही.